क्रिटामध्ये गोंडस सदाफुली: कार्टून फूल काढायची सविस्तर पद्धत

कार्टून फुलाचा गोंडसपणा ठरतो तो मापांवर. डोकं किती मोठं, डोळे किती खाली, देठ किती आखूड, हे तीन-चार निर्णय बरोबर घेतले तर साध्या माउसनं काढलेलं फूलही लाघवी दिसतं. ते चुकले तर महागड्या पेन टॅब्लेटवर तासन्‌तास केलेलं शेडिंगही चित्राला वाचवत नाही. म्हणून या लेखात मी मापं आकड्यांत दिली आहेत. पहिलं चित्र ती तशीच घेऊन काढा, मग आपल्या मनानं बदला.

सॉफ्टवेअर म्हणून मी क्रिटा निवडलं आहे. ते पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि चित्रकारांनी चित्रकारांसाठी घडवल्याचं त्यात जागोजागी जाणवतं. अँड्रॉइड टॅब्लेटवरही ते चालतं, पण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर त्याचे मेनू फार दाटीवाटीचे होतात. तिथे नवशिक्यानं सुरुवात करू नये.

आधी खरं फूल पाहा

'फूल काढ' म्हटलं की हात आपोआप गोल आणि भोवती पाच-सहा अंडाकृती पाकळ्या काढतो. ते फूल कुठल्याच झाडाचं नसतं. आपण सदाफुली काढू, कारण ती बहुतेक घरांच्या कुंडीत किंवा अंगणात असते आणि बाराही महिने फुलते. मूळची ती मादागास्करची, पण आता इतकी आपली झाली आहे की परकी वाटत नाही.

एक फूल जवळून निरखा. पाकळ्या पाच. प्रत्येक पाकळी बुडाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद असते. पाकळीची बाहेरची कड एका बाजूला किंचित झुकलेली असते, त्यामुळे अख्खं फूल भिंगरीसारखं फिरतं आहे असं वाटतं. मध्ये गडद रंगाचा डोळा, म्हणजे गोल ठसा, असतो आणि त्याच्या ऐन मध्यावर पुष्कळ फुलांत बारीकसा पिवळसर ठिपका दिसतो. पानं गुळगुळीत, लांबट गोल, मधली शीर फिकट. ती देठावर जोडीजोडीनं, समोरासमोर येतात.

यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आत्ताच ठरवू. पाच पाकळ्या, त्यांचा किंचित झुकाव, गडद डोळा आणि समोरासमोरची पानं ठेवायची, कारण एवढ्यावरून सदाफुली ओळखू येते. पाकळ्यांखालची बारीक नळी आणि शिरांचं जाळं सोडून द्यायचं. आणि तो इवलासा पिवळा ठिपका मुद्दाम खूप मोठा करायचा, कारण फुलाचा चेहरा त्याच्यावर येणार आहे.

फाइल आणि लेअर

कंट्रोल+एन दाबून नवी फाइल घ्या. रुंदी आणि उंची २००० पिक्सेल, रिझोल्यूशन ३००, रंगपद्धत आरजीबी, ८ बिट. ही फाइल छापली तर साधारण १७ सेंटिमीटरचा चौकोन येतो, भेटकार्डाला तो भरपूर झाला. काही काढण्याआधी फाइल '.केआरए' या क्रिटाच्या स्वतःच्या स्वरूपात सेव्ह करा. लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे पारदर्शक थर, त्यातच सुटे राहतात, पीएनजीमध्ये सगळे एकत्र चिकटतात.

इन्सर्ट कळ दाबली की नवा लेअर येतो. खालून वर असा क्रम ठेवा: पांढरी पार्श्वभूमी, कच्चं रेखाटन, देठ-पानं, पाकळ्यांचा रंग, फुलाची रेघ, आणि सगळ्यात वर चेहरा. लेअरला मराठीत नावं द्या. 'पेंट लेअर ७' म्हणजे काय होतं, ते अर्ध्या तासानं कुणालाच आठवत नाही.

उजव्या बाजूला 'टूल ऑप्शन्स' ही खिडकी दिसत नसेल तर 'सेटिंग्ज' मेनूतल्या 'डॉकर्स'मधून ती उघडा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीला ती लागणार आहे.

पेन टॅब्लेट असेल आणि विंडोजवर पेनचा दाब ओळखला जात नसेल, तर 'कॉन्फिगर क्रिटा'मधल्या टॅब्लेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. जो निवडलेला आहे तो बदलून क्रिटा बंद करून पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं. माउस असेल तर ही चिंताच नाही. आपल्या चित्राला दाबाची गरज नाही.

ब्रश उमटत नसेल तर

नवशिके इथेच अडकतात आणि सॉफ्टवेअर बिघडलं असं समजून बंद करतात. कारणं ठरावीक आहेत. चुकून 'ई' दाबलं गेलं असेल तर ब्रश खोडरबर झालेला असतो. पुन्हा 'ई' दाबा. निवडलेला लेअर कुलूपबंद असेल किंवा त्याच्या डोळ्याचं चिन्ह बंद असेल. किंवा कुठेतरी छोटंसं सिलेक्शन उरलं असेल आणि रंग फक्त त्याच्या आतच उमटत असेल. कंट्रोल+शिफ्ट+ए दाबून ते सोडा.

कच्चं रेखाटन

दीर्घवर्तुळाचं टूल घ्या, शिफ्ट दाबून धरा म्हणजे नेमकं वर्तुळ निघेल. फिकट निळ्या रेघेनं दोन वर्तुळं हवीत, दोन्हींचा मध्य डावीकडून १००० आणि वरून ७५० पिक्सेलवर. मोठं वर्तुळ ११०० पिक्सेल व्यासाचं, छोटं ४०० पिक्सेलचं. मोठं म्हणजे पाकळ्यांची हद्द, छोटं म्हणजे चेहरा. खाली १८०० पिक्सेलपर्यंत देठाची एक वाकडी रेघ ओढा.

आता मागे सरून पाहा. संपूर्ण उंचीपैकी दोन तृतीयांशाहून थोडा जास्त भाग डोक्याचा झाला आहे. खऱ्या झाडाचं प्रमाण असं मुळीच नसतं. पण तान्ह्या बाळाचं शरीराच्या मानानं मोठं डोकं, खाली असलेले मोठे डोळे आणि फुगीर गाल पाहून माणसाला माया वाटते, असं प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४३ साली मांडलं होतं. कार्टूनमधला गोंडसपणा याच पायावर उभा आहे. देठ लांब केला की बाळ मोठं होतं आणि गोडवा ओसरतो.

पाकळ्या: एक काढा, पाच उमटतील

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना वर्तुळाचे पाच समान भाग करण्याचा खटाटोप आठवत असेल. ३६० भागिले ५ म्हणजे ७२ अंश. क्रिटात हे काम मल्टिब्रश टूल करतं. 'क्यू' दाबा. टूल ऑप्शन्समध्ये प्रकार 'सिमेट्री' निवडा, ब्रशची संख्या ५ ठेवा, 'शो ओरिजिन'वर खूण करा आणि 'मूव्ह ओरिजिन' दाबून मध्यबिंदू वर्तुळांच्या मध्यावर न्या. हा मध्य नीट जुळवा. थोडा जरी सरकला तरी पाकळ्या चेहऱ्याभोवती लंगड्या दिसतात.

तिथेच 'स्नोफ्लेक' नावाचाही प्रकार आहे. त्यात अर्धी पाकळी काढली की उरलेली अर्धी आरशात पाहिल्यासारखी उमटते. इतर फुलांना तो छान आहे, सदाफुलीला मात्र घेऊ नका. तिची पाकळी एका बाजूला झुकलेली असते आणि तो झुकाव स्नोफ्लेकमध्ये नाहीसा होतो.

रेघेसाठी 'इंक-२ फाइनलायनर' ब्रश, जाडी १८ ते २० पिक्सेल. चौकोनी कंसाच्या कळांनी जाडी कमी-जास्त होते. टूल ऑप्शन्समध्ये 'स्टॅबिलायझर' सुरू करा. रेघ हाताच्या किंचित मागून येईल आणि थरथर गिळली जाईल. रंग काळा नको. लाल १२२, हिरवा ३६, निळा ७२ असा गडद किरमिजी घ्या. गुलाबी रंगाभोवती काळी रेघ कडक दिसते. त्याच रंगाच्या घरातली गडद रेघ फुलाला मऊ ठेवते.

'फुलाची रेघ' या लेअरवर आधी मधलं ४०० पिक्सेलचं वर्तुळ पक्क्या रेघेनं काढून घ्या. मग पुन्हा मल्टिब्रश. वर्तुळाच्या वरच्या कडेपासून सुरुवात करा, रेघ वर नेताना बाहेर फुगवा, मोठ्या वर्तुळाला टेकवा, एका बाजूला जरा जास्त झुकवून वळवा आणि पुन्हा छोट्या वर्तुळाच्या कडेवर आणा. पाकळी बुडाशी २०० पिक्सेल आणि सगळ्यात रुंद जागी ४८० च्या आसपास हवी, म्हणजे शेजारच्या पाकळ्या एकमेकींना जेमतेम टेकतील. लांबीपेक्षा रुंदी जास्त, अशी गुबगुबीत पाकळी. पहिली पाकळी सरळ वर काढली की खालच्या दोन पाकळ्यांच्या मधोमध जागा सुटते, आणि देठ नेमका तिथून बाहेर पडतो.

मनासारखी होईपर्यंत कंट्रोल+झेड करत राहा. चार-पाच वेळा करून हात त्या वळणात बसतो. रेघेची टोकं चेहऱ्याच्या वर्तुळात घुसली असतील तर मल्टिब्रश सुरू असतानाच 'ई' दाबून एके ठिकाणी खोडा, पाचही ठिकाणी खोडलं जाईल.

पाचही पाकळ्या हुबेहूब सारख्या असल्या की चित्र एखाद्या कंपनीच्या बोधचिन्हाकडे झुकतं. तेव्हा रंग भरण्याआधीच थोडी गडबड करून घ्या. कंट्रोल+टी दाबा, टूल ऑप्शन्समध्ये 'लिक्विफाय' निवडा, त्यात 'मूव्ह' ठेवा, ब्रश ३०० पिक्सेलचा करा आणि एखादी पाकळी किंचित बाहेर ओढा, दुसरीची कड जराशी आत दाबा. बदल डोळ्याला कळू नये, पण फूल जिवंत वाटावं, एवढाच.

रंग, आणि अल्फा इनहेरिटची मेख

कच्च्या रेखाटनाचा लेअर लपवा. 'पाकळ्यांचा रंग' हा लेअर निवडा, 'एफ' दाबून फिल टूल घ्या, संदर्भ म्हणून सगळे लेअर निवडा आणि 'ग्रो' ३ पिक्सेल ठेवा. या ३ पिक्सेलमुळे रंग रेघेच्या खाली सरकतो आणि कडेनं पांढरी फट राहत नाही. रंग २४२, १५०, १९०. प्रत्येक पाकळीत एक क्लिक. रंग बाहेर सांडला तर रेघेत कुठेतरी फट आहे, झूम करून ती शोधा आणि बुजवा. चेहऱ्याच्या वर्तुळात वेगळ्या लेअरवर लोण्यासारखा फिकट पिवळा भरा: २५५, २२८, १६०.

आता सावली. ती पाकळीच्या बाहेर जाऊ नये यासाठी क्रिटात 'अल्फा इनहेरिट' आहे, लेअरच्या नावाशेजारचं ग्रीक अल्फाचं चिन्ह. ते सुरू केलं की त्या लेअरवरचा रंग फक्त खालच्या रंगलेल्या भागावरच दिसतो. पण इथे एक मेख आहे आणि ती समजून घेतली नाही तर खूप वैताग होतो. 'खालचा' म्हणजे फक्त लगेच खालचा लेअर नव्हे; त्याच गटातले खालचे सगळे लेअर. तळाशी पांढरी पार्श्वभूमी असेल तर ती अख्खा कॅनव्हास व्यापून बसलेली असते, म्हणून सावलीला कुठेच हद्द राहत नाही आणि हे चिन्ह कामच करत नाही असं वाटतं. उपाय सोपा: पाकळ्यांच्या रंगाचा लेअर एका ग्रुपमध्ये घाला, सावलीचा लेअर त्याच ग्रुपमध्ये त्याच्या वर ठेवा, आणि मग अल्फा इनहेरिट सुरू करा. आता हद्द पाकळ्यांपुरतीच राहील.

सावलीच्या लेअरचा मोड 'मल्टिप्लाय' (म्हणजे खालचा रंग गडद होतो), अपारदर्शकता ५० टक्के, रंग जांभळट गुलाबी. उजेड डावीकडून वरून येतो असं धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका. प्रत्येक पाकळीच्या उजव्या-खालच्या कडेला एक सलग, कडक कडेची सावली द्या. एअरब्रशनं मऊ मऊ सावल्या भरत बसण्याचा मोह होतो. माझ्या मते कार्टून फुलाला त्या मारक ठरतात, कारण आकार धुरकट होतात आणि लहान आकारात सगळं मळकट दिसतं. एक सावली, एक उजेडाचा फटका, बस.

सदाफुलीचा गडद डोळा याच ग्रुपमध्ये नव्या लेअरवर, अल्फा इनहेरिट सुरू ठेवून काढा. मल्टिब्रश घ्या, रंग २००, ४०, ९०, आणि चेहऱ्याच्या कडेपासून बाहेर ५०-६० पिक्सेल लांबीचे छोटे फटके मारा. पाच जागी एकदम उमटत असल्यामुळे किरमिजी कडं काही क्षणांत तयार होतं. इथे फूल एकदम 'सदाफुली' होतं. या पायरीचा आनंद घ्या.

चेहरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टूलबारवर आडवं प्रतिबिंब उमटवणारं 'मिरर टूल'चं बटण आहे, ते सुरू करा. त्याची रेघ कॅनव्हासच्या मध्यावर, म्हणजे १००० वर असते आणि आपल्या फुलाचा मध्यही तिथेच ठेवला आहे. एका बाजूला काढलं की दुसऱ्या बाजूला उमटेल. 'एम' कळ मात्र वेगळी: तिनं चित्र बदलत नाही, फक्त आपल्याला ते उलटं दिसतं.

डोळे: मध्यापासून दोन्हीकडे १०० पिक्सेलवर, आणि वर्तुळाच्या आडव्या मध्यरेषेच्या थोडे खाली, ७७० च्या उंचीवर. प्रत्येक डोळा ४६ रुंद, ६० उंच. म्हणजे दोन डोळ्यांच्या मधे साधारण तीन डोळे मावतील एवढी जागा. सवयीनं आपण डोळे वर आणि जवळजवळ काढतो. मग फूल मोठ्या माणसासारखं, कधी रागीटही दिसतं. 'बेसिक-१' हा गोल ब्रश घेऊन गडद तपकिरी रंगात काढा.

तोंड अगदी लहान, ५० पिक्सेल रुंद, डोळ्यांच्या जरासंच खाली, ८०० च्या आसपास. लांबरुंद हसू दूरवर नेलं की गोंडसपणा जाऊन जाहिरातीतला शुभंकर उभा राहतो. गालांवर लाली: ६० बाय ३६ पिक्सेलचे दोन आडवे ठिपके, डोळ्यांच्या बाहेर आणि खाली, ८२५ च्या उंचीवर. गुलाबीच, पण पाकळीपेक्षा थोडा नारिंगीकडे झुकणारा, अपारदर्शकता ६० टक्के.

आता मिरर टूल बंद करा आणि मगच डोळ्यांतली चमक काढा. उजेड एका बाजूनं येतो, त्यामुळे दोन्ही डोळ्यांतली चमक एकाच बाजूला, डावीकडे वर हवी. मिरर सुरू राहिला तर ती दोन डोळ्यांत विरुद्ध बाजूंना जाते आणि फूल किंचित तिरळं दिसतं. १६ पिक्सेलचा मोठा पांढरा ठिपका डावीकडे वर, ८ पिक्सेलचा छोटा उजवीकडे खाली.

भाव बदलायचा असेल तर हा लेअर लपवून नवा घ्या. डोळ्यांच्या जागी वाटीसारख्या, खाली फुगलेल्या दोन कमानी काढल्या की फूल झोपी जातं, घुमटासारख्या, वर फुगलेल्या काढल्या की खुदकन हसतं. तोंडाच्या जागी छोटा गोल केला की ते आश्चर्यचकित होतं. पाकळ्यांना हात लावायची गरज नाही.

देठ आणि दोन पानं

हे पटकन होतं. देठ ४० पिक्सेल जाड आणि सरळ अजिबात नको, हलकं वळण द्या. अर्ध्या उंचीवर समोरासमोर दोन पानं, प्रत्येकी ३०० बाय १३० पिक्सेल, मधली शीर फिकट पोपटी. सदाफुलीची पानं जोडीनं येतात ते इथे कामी येतं: तेच तिचे दोन हात. एक पान वर उचललं की ती 'ये ये' म्हणून बोलावते, दोन्ही खाली सोडली की लाजते. हिरव्यात थोडा निळा मिसळा, पिवळट हिरवा चेहऱ्याच्या पिवळ्याशी भांडतो. रेघ इथेही काळी नको, गडद हिरवी.

पाठवण्याआधी तपासणी

'एम' दाबून चित्र उलटं पाहा. एका बाजूला कललेला चेहरा लगेच उघडा पडतो. मग झूम कमी करून चित्र अंगठ्याएवढं पाहा: तेवढ्यातही डोळे आणि हसू दिसायला हवेत. सगळ्यात वर काळ्यानं भरलेला एक लेअर ठेवून त्याचा मोड 'कलर' करा, चित्र करड्या छटांत दिसेल. चेहरा आणि पाकळ्या एकाच करड्यात मिसळत असतील तर चेहऱ्याचा पिवळा आणखी उजळ करा. पाहून झाल्यावर तो लेअर काढून टाका.

पीएनजी, छपाई आणि स्टिकर

पार्श्वभूमीचा लेअर लपवा, 'फाइल' मेनूतून 'एक्स्पोर्ट' निवडा, पीएनजी घ्या आणि पारदर्शकता साठवायच्या पर्यायावर खूण असल्याची खात्री करा. असं फूल कुठल्याही रंगाच्या कार्डावर ठेवता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टिकरसाठी फुलाला पांढरी कड लागते, नाहीतर गडद पडद्यावर गडद रेघ हरवते. पार्श्वभूमी सोडून सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घाला, ग्रुपवर उजवी क्लिक करून 'लेअर स्टाइल'मध्ये 'स्ट्रोक' सुरू करा: पांढरा, बाहेरच्या बाजूनं, ३० पिक्सेल. मग फाइलची प्रत वेगळ्या नावानं सेव्ह करून त्या प्रतीचं आकारमान 'इमेज' मेनूतून ५१२ बाय ५१२ करा. मूळ २००० ची फाइल कधीही लहान करू नका. स्थिर स्टिकरची फाइल १०० केबीच्या आत असावी लागते; वेबपी स्वरूपात एक्स्पोर्ट केली तर आपल्यासारखं सपाट रंगांचं चित्र त्यात सहज बसतं. झोपाळू, खुदकन हसणारी आणि चकित अशा तिन्ही चेहऱ्यांच्या लेअरची डोळ्याची चिन्हं आळीपाळीनं चालू-बंद करून तीन वेळा एक्स्पोर्ट केलं की पुढच्या कुणाच्या वाढदिवसाला पाठवायला संच तयार.